पाण्याखालचं भात आणि कॅमेऱ्याची काच

कशेळ्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. एरवी आपण कर्जाचे हप्ते, मसाल्याचं पॅकिंग नाहीतर एखादी नवी योजना यावर बोलतो. आज फोटोवर बोलायचं आहे. फोटो कसा काढावा यावर थोडं, आणि फोटोत खरं दिसायला कधीपासून लागलं यावर जास्त. हसू नका, विषय शेवटी भाताचाच आहे.

गेल्या वर्षी परतीच्या पावसाने काय केलं ते सगळ्यांना आठवतंय. भात कापून खाचरात वाळत टाकलेलं, दोन दिवसांत उचलणार, आणि रात्रीतून बांधापर्यंत पाणी. लोंब्या पाण्याखाली गेल्या, चौथ्या दिवशी त्यांना मोड आले. विमा असलेल्यांनी 72 तासांच्या आत कळवायचं होतं, फोटो जोडायचे होते. आमच्या गटातल्या बायांनी गुडघाभर चिखलात उभं राहून मोबाइलवर फोटो काढले. काही दिवसांनी वरून उत्तर आलं: फोटोत पीक दिसत नाही, फक्त पाणी दिसतं. आम्ही फोटो पुन्हा उघडून पाहिले. खरंच होतं. खाचरात आभाळ पडलं होतं, पांढरंफटक. त्याच्याखाली वर्षाची मेहनत सडत होती आणि फोटोत तिचा पत्ता नव्हता. डोळ्यांनी आम्हाला दिसत होती, कारण डोळा वाकून, मान तिरपी करून, हाताची सावली धरून बघतो. मोबाइल एका जागी उभा राहून बघतो.

त्यानंतर हिवाळ्यात पेज नदीच्या काठावर मुंबईची एक मुलगी फोटो काढत बसलेली दिसली. तिच्या कॅमेऱ्याच्या पुढे एक करडी गोल काच होती आणि ती काच ती हळूहळू फिरवत होती. आमच्यातली एक जण धीट, तिने विचारलं, ताई हे काय फिरवताय? मुलीने काच काढून हातात दिली. डोळ्यापुढे धरा, म्हणाली, आणि फिरवा. आम्ही पाण्याकडे बघत काच फिरवली. पाण्यावरची चमक विझत गेली आणि तळाचे गोटे दिसू लागले. शेवाळ दिसलं, बोटाएवढे मासे दिसले. आणखी फिरवली तर पुन्हा चमक आली आणि सगळं झाकलं गेलं. एका बाईने पाच वेळा काच फिरवली आणि पाचही वेळा तिच्या तोंडून "अगंबाई" निघालं. पण आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ही काच ऑक्टोबरात खाचराच्या बांधावर हवी होती.

त्या काचेला पोलरायझर म्हणतात. ती कुठून आली हे शोधायला लागलो तर गोष्ट आमच्याच घाटातल्या रेल्वेपासून सांगावी लागेल असं लक्षात आलं.

कर्जतहून पुण्याची गाडी पळसदरी सोडते आणि बोरघाट चढू लागते. हा चढ बांधायला 1856 मध्ये सुरुवात झाली. पहिल्या ठेकेदाराच्या वेळी मजुरीवरून दंगा झाला आणि 1859 मध्ये त्याने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार बायकोला घेऊन आला आणि आल्यावर थोड्याच आठवड्यांत वारला. नवऱ्याच्या पाठीमागे बाईने काय करावं अशी त्या काळी अपेक्षा असेल? सामान बांधून बोटीत बसावं. ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःच्या नावावर ठेवला, रोजचं काम बघायला ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करून दाखवला. 21 एप्रिल 1863 रोजी तो खुला झाला. पंधरा-सोळा मैलांत 1831 फुटांची चढण, पंचवीसएक बोगदे. जानेवारी 1861 मध्ये या कामावर 42,000 हून जास्त माणसं होती. त्यांत बायका होत्या, पोरं होती, डोक्यावर मातीच्या पाट्या. पटकी आणि तापाने किती गेली त्यांची नावं घाटात कुठेच कोरलेली नाहीत.

याच ॲलिसबाईंना फोटोचा नाद होता. घाटाचं काम चालू असताना त्यांनी त्याचे फोटो काढले आणि त्यांचे अल्बम राहिले. नवरा गेलेला, एवढा पसारा अंगावर, आणि बाई डोंगरात कॅमेरा लावते आहे, याचं आम्हाला फार कौतुक वाटलं. कारण तेव्हा फोटो काढणं म्हणजे बटण दाबणं नव्हतं. काचेच्या तुकड्यावर चिकट द्रव पसरायचा, तो चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचा, ओली असतानाच काच कॅमेऱ्यात घालायची, आणि वाळायच्या आत तंबूच्या अंधारात धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हात तर त्याहून कमी वेळात. चुलीवर तांदळाच्या पापड्या घालताना जी घाई असते तीच, फक्त एक पापडी चुकली तर डोंगरावर पुन्हा सगळं मांडायचं.

पण त्या काळातले उघड्यावरचे फोटो बघितलेत तर एक गोष्ट लगेच खटकते. त्यांत आभाळ नसतं. डोंगर असतो, पूल असतो, आणि वर कोरा कागद. आम्हाला वाटायचं जुना फोटो विटला असेल. तसं नाही. ती काच जन्मतःच अर्धी आंधळी होती. तिला निळा आणि जांभळा उजेडच तेवढा कळायचा. निळं आभाळ तिच्या लेखी भगभगीत उजेड, म्हणून ते पांढरं यायचं आणि ढग त्यातच हरवायचे. हिरवं झाड जेमतेम कळायचं. पिवळं काळपट. आणि लाल तर तिच्या लेखी अंधारच.

आता जरा थांबून विचार करा. लाल म्हणजे अंधार, पिवळं म्हणजे काळपट. म्हणजे कुंकू काळं. हळद काळी. लाल लुगडं काळं. नीळ दिलेलं निळं मात्र पांढरं. उन्हात राबलेल्या माणसाचा तांबूस सावळा रंग, तोही होता त्यापेक्षा कितीतरी काळा. गेल्या शतकाच्या आधीचे आपल्याकडच्या माणसांचे जे फोटो पुस्तकांत छापतात, त्यांत बाया कोळशासारख्या, चेहऱ्यावरचं काही कळत नाही अशा दिसतात. त्या तशा नव्हत्या. त्यांच्या अंगावरचे जे रंग होते नेमके तेच त्या काचेला दिसत नव्हते. आमच्या ठाकूर आणि कातकरी बायांचे जुने फोटो बघून कोणी "काय तो अवतार" म्हणालं, तर त्याला हे एवढं जरूर सांगा.

मुंबईत फोटोचं वेड लवकर पोचलं होतं. 1854 मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे स्वतः डॉक्टर, आणि त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. सोसायटीच्या कार्यकारी मंडळातही ते होते. हरिचंद चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. म्हणजे आपली माणसं या विद्येत पहिल्यापासून होती. पण आभाळाचं आणि लाल रंगाचं दुखणं सगळ्यांनाच सारखं.

त्यावर इलाज दोन तऱ्हेने झाला, आणि आमच्या मते फोटोचा सगळा इतिहास या दोन तऱ्हांत बसतो. एक तऱ्हा अशी, की फोटो काढून झाल्यावर त्याच्यात हवं ते भरायचं. दुसरी अशी, की उजेड कॅमेऱ्यात शिरण्याआधीच त्यातला नको तो अडवायचा.

पहिली तऱ्हा सोपी म्हणून ती आधी आली. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाचा फोटोग्राफर समुद्राचा फोटो एका काचेवर आणि ढगांचा दुसऱ्या काचेवर काढून दोन्ही एका कागदावर छापायचा. 1856-57 मधली ही गोष्ट. लोक थक्क व्हायचे. आपल्याकडे विल्यम जॉन्सन याने 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींवर मोठं पुस्तक काढलं. त्यात माणसं एकीकडे टिपलेली आणि पाठीमागचा देखावा दुसरीकडचा, असं जोडकाम आहे. बाई उभी आहे एका जागी, मागचं देऊळ भलतीकडचं! आणि मग रंगारी आले. काळ्या-पांढऱ्या फोटोवर ब्रशने रंग भरणारे. हे काम आपल्या देशात फार नाजूक आणि सुंदर झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आमच्या एका सभासदांच्या घरी आजेसासूबाईंचा असा रंगवलेला फोटो आहे. हिरवं लुगडं, लालभडक कुंकू, गालावर गुलाबी. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की आजीने फोटोला बसताना लग्नातलं लाल लुगडं नेसलं होतं. फोटोत ते काळं आलं, रंगवणाऱ्याने काळ्याला हिरवं ठरवलं. त्याने मन लावून काम केलं, पण त्याला विचारायला आजी समोर नव्हती. आता घरातली पोरं "हिरव्या लुगड्यातली पणजी" म्हणतात. जे कॅमेऱ्यात शिरलंच नाही ते मागाहून भरायचं म्हणजे अंदाजच, मग हात कितीही चांगला असो. मोबाइलमधल्या ज्या बटणांना आपली पोरं फिल्टर म्हणतात, ती याच रंगाऱ्याची पतवंडं. आभाळ निळं करतील, गाल गुलाबी करतील. पाण्याखालचं भात मात्र ती दाखवणार नाहीत, कारण मोबाइलने ते पाहिलेलंच नाही.

दुसरी तऱ्हा संथपणे आली. 1873 मध्ये जर्मनीतल्या हेरमान फोगेल यांना असं आढळलं की काचेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवाही कळू लागतो. आंधळीला एक डोळा आला म्हणा. लाल कळणाऱ्या काचा विकत मिळायला 1906 साल उजाडलं, त्या इंग्लंडातल्या रॅटन अँड वेनराइट या कंपनीच्या. आणि या काचांबरोबर आली पिवळी काच, कॅमेऱ्याच्या पुढे लावायची. पिवळी काच निळा उजेड अडवते. निळं आभाळ त्यामुळे गडद येतं, ढग पांढरे ते पांढरेच राहतात आणि उठून दिसतात. नारिंगी काच लावली की आणखी गडद, लाल लावली तर आभाळ जवळजवळ काळं. अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स यांनी 1927 मध्ये एका प्रचंड कड्याचा फोटो आधी पिवळ्या काचेने काढला, मग मनात होतं तसं येईना म्हणून शेवटची उरलेली प्लेट लाल काच लावून काढली. त्या फोटोने त्यांचं नाव झालं. डोंगर, कडा आणि वर भरलेलं आभाळ, हे दृश्य आम्हाला पेठच्या किल्ल्यावरून रोज फुकट मिळतं, पण कागदावर ते उतरायला फोटोचा शोध लागल्यापासून पाऊणशे-ऐंशी वर्षं जावी लागली.

मात्र पिवळी काच आमच्या खाचराच्या कामाची नाही. पाण्यावरची चमक कुठल्या एका रंगाची नसते, ती सगळ्या रंगांची मिळून पांढरी असते. ती अडवायला वेगळीच युक्ती लागते.

युक्ती समजायला आपल्या घराचा कूड डोळ्यापुढे आणा. उभ्या कामट्यांचा, अजून शेणामातीने न लिंपलेला. दोन कामट्यांच्या फटीतून दोरी ओवली आणि हाताने वर-खाली हलवली तर लाट पलीकडे जाते. तीच दोरी आडवी, डावी-उजवीकडे हलवली तर कामट्यांना आपटून थांबते. उजेडही असाच हलत येतो. सूर्याचा उजेड सगळ्या बाजूंनी हलतो. पण पाण्यावर, पानावर, काचेवर तिरपा आपटून परतला की तो बराचसा एकाच बाजूने, आडवा हलू लागतो. पोलरायझर म्हणजे फार बारीक कामट्यांचा कूड. कामट्या उभ्या धरल्या की आडवी चमक अडते आणि पाण्याच्या आतून आलेला साधा उजेड पलीकडे पोचतो. म्हणून ती काच फिरवावी लागते. फिरवणं म्हणजे कामट्या उभ्या की आडव्या, एवढंच.

चमकेतली ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती 1808 मध्ये पॅरिसमध्ये एतिएन मालुस यांना. संध्याकाळी समोरच्या राजवाड्याच्या खिडक्यांवर मावळतीचं ऊन चमकत होतं आणि ते सहज एक पारदर्शक स्फटिक डोळ्यापुढे धरून बघत होते. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन दिसतात. स्फटिक फिरवला तशी त्या दोनांतली कधी एक मंद व्हायची, कधी दुसरी. त्या स्फटिकाचं नाव कॅल्साइट. तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या पोटातही मिळतो. बोरघाटाचे बोगदे फोडताना तऱ्हेतऱ्हेचे स्फटिक निघाले होते. पाटीतून ते उचलून टाकणाऱ्या बायांनी त्यातला एखादा पोरांना खेळायला नेला असेलच. आम्ही असतो तर नेला असता.

पुढे 1828 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम निकॉल यांनी कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून असा लोलक केला की दोनांपैकी एकच प्रतिमा दिसावी. हा लोलक खिशात मावायचा. आणि आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट. सप्टेंबर 1921 मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन विलायतेहून नार्कुंडा बोटीने परत येत होते. समुद्र निळा का, तर आभाळ त्यात पडतं म्हणून, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने सांगून ठेवलेलं. रामन यांना ते पटेना. त्यांनी डेकवरून खिशातला निकॉलचा लोलक पाण्याकडे बरोबर त्या तिरक्या कोनात धरला आणि आभाळाची चमक पुसून टाकली. चमक गेली, तरी समुद्र निळाच! उलट जास्तच गडद निळा. म्हणजे निळाई पाण्याची स्वतःची होती. बोट मुंबई बंदरात असताना त्यांनी हे टिपण लिहिलं, 26 सप्टेंबरची तारीख घालून. 'नेचर' या विलायती नियतकालिकाने ते नोव्हेंबरात छापलं. याच विचाराचा पाठपुरावा करत ते 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधापर्यंत पोचले, आणि 1930 मध्ये नोबेल मिळालं. शाळेत दर 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो, भाषणं होतात, पण हा लोलक आम्हाला कोणी सांगितला नव्हता. रामन यांनी मुंबईच्या वाटेवर जे केलं तेच त्या मुलीने पेज नदीवर आमच्याकडून करून घेतलं होतं.

कॅल्साइटचा लोलक महाग आणि लहान, कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारा नव्हे. तिथे कामी आलं कोयनेल. हो, आपल्या सासवा-आज्यांनी हिवतापावर गिळलेलं कडूजहर कोयनेल. 1852 मध्ये इंग्लंडातले डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या विद्यार्थ्याने कोयनेल दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडिन टाकलं, तर हिरवे चमकदार कण तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन कण एकमेकांवर आडवे पडले की ती जागा काळीकुट्ट. हेच ते कामट्यांचं कूड, निसर्गाने विणलेलं. पण कण इतके नाजूक की मोठे करायला गेलं की मोडायचे. सुमारे पाऊणशे वर्षं कोणाचं काही चाललं नाही. मग अमेरिकेतल्या एडविन लँड या कॉलेज सोडलेल्या पोराने मोठा कण करायचा नादच सोडला. त्याने असंख्य बारीक कण एका पातळ पापुद्र्यात पसरले आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळवली. 1929 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला तेव्हा त्याचं वय एकोणीस. त्याला खरं तर रात्री समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांची तिरीप घालवायची होती. कशेळ्याहून कर्जतला रात्री दुचाकीने गेलेल्या कोणालाही त्याची तळमळ कळेल. मोटारवाल्यांनी काही ते घेतलं नाही, पण 1930 च्या दशकात कॅमेऱ्यावर लावायच्या काचा आणि उन्हाचे चष्मे निघाले. पोलरॉइड हे नाव तिथलं. पुढे 1938 मध्ये लँडनेच कोयनेलही काढून टाकलं, ताणलेल्या प्लॅस्टिकला आयोडिन पाजून तेच काम होऊ लागलं. आज आपण बघतो ती काच बहुतेक त्याच घराण्यातली.

याच सुमाराला रंगीत फिल्म आली, 1935 मध्ये कोडॅक्रोम. रंगीत फिल्मवर पिवळी काच लावाल तर सगळं गावच हळदीत बुडेल. रंग न बिघडवता आभाळ गडद करणारी आणि चमक काढणारी काच एकच उरली, पोलरायझर. पावसाळ्यात आमच्याकडे इतकं हिरवं असतं, तरी फोटोत ते फिकट का येतं? ओल्या पानावर आभाळाची चमक बसलेली असते. ती पुसली की हिरवं आपोआप वर येतं. त्यात कोणी रंग घातलेला नसतो.

रंग खुलवणारी म्हणून आणखी एक काच मिळते. ती डिडिमियमची. ही काच भट्टीवर काम करणारे कारागीर डोळ्यांना लावत, कारण ती ज्वाळेचा पिवळा उजेड नेमका गाळते. कॅमेऱ्यावर लावली की मधला पिवळट भाग गळतो आणि लाल-तांबूस रंग भडक होतात. पळस फुललेला असताना लावली तर अंगावर येईल असा लाल. आम्हाला ही काच अर्ध्या वाटेवरची वाटते. कॅमेऱ्याच्या पुढे बसते खरी, पण मन रंगाऱ्याचं. आमच्या भागात जमिनीच्या जाहिराती येतात, त्यांतली हिरवळ आणि नदी बघून आम्हालाच आमचं गाव ओळखू येत नाही. वैशाखात इथे डोंगर पिवळा असतो आणि बोअरवेलला पाणी खाली जातं, ते कुठल्याच काचेतून दाखवत नाहीत.

आता आमचा प्रयोग. कॅमेऱ्याची काच घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पोलराइज्ड लिहिलेला उन्हाचा गॉगल घेतला. घेताना परीक्षा करून घ्या, कारण नुसतं लिहिलेलं असतं. तसलेच दोन गॉगल एकासमोर एक धरा आणि एक काटकोनात फिरवा. दोन्ही खरे असतील तर पलीकडचं जवळजवळ काळं होतं. काच करडी घ्या. तपकिरी काचेतून हिरवं भातसुद्धा करपलेलं दिसतं, आणि मग खोटं बोलल्याचा आळ आपल्यावर. बांधावर उभं राहायचं, मोबाइल अगदी खाली झुकवायचा नाही, समोर तिरपा धरायचा, पाण्याशी साधारण 35 ते 40 अंश. खाचराच्या मध्यावर बघतो तसा. मोबाइलच्या डोळ्यापुढे गॉगलची काच धरून पडद्यावर बघत ती सावकाश फिरवायची. चमक विझली की तिथेच थांबून फोटो. सरळ खाली धराल तर काच कितीही फिरवा, उपयोग नाही. पत्र्याच्या चमकेवरही ती चालत नाही, धातूचं गणित वेगळं. शिवाय काच अर्ध्याहून जास्त उजेड खाते, म्हणून दाटून आलेलं असताना हात स्थिर हवा, नाहीतर फोटो हलतो.

आभाळासाठी काच वापरायची तर सूर्य आपल्या खांद्याला असावा. सकाळी सूर्य भीमाशंकरच्या बाजूने वर येतो. तेव्हा माथेरानकडे तोंड करून काच फिरवली तर आभाळात काही फरक नाही. मुरबाडच्या दिशेला, उत्तरेकडे वळलात की तेच आभाळ गडद होतं आणि ढग सुटे दिसतात. आम्ही आधी माथेरानकडेच बघत बसलो होतो आणि दुकानदाराने फसवलं म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडत होतो.

2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानेच मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा असतो. तो शेतात उभं राहून ॲपमध्येच घ्यावा लागतो, घरी बसून सुधारता येत नाही. म्हणजे जे काही करायचं ते कॅमेऱ्यात उजेड शिरायच्या आधी. आम्ही गटात ठरवलंय की नुकसानीचे प्रत्येक जागेचे दोन फोटो घ्यायचे, एक बिनकाचेचा आणि एक काचेतून. पहिल्यात पाणी किती ते दिसतं, दुसऱ्यात पाण्याखाली काय ते. यंदा सप्टेंबरातल्या पावसात दोन खाचरं बुडाली. त्यांच्या दुसऱ्या फोटोत आडवं पडलेलं भात लोंबीसकट मोजता येत होतं. ते फोटो परत आले नाहीत. पैसेही अजून आलेले नाहीत, त्याचा पाठपुरावा चालू आहे.

रंगवलेल्या फोटोतल्या आजेसासूबाईंचं काय करायचं यावर मात्र गटात एकमत नाही. त्यांच्या नातसुनेचं म्हणणं, फोटोच्या मागे पेनने लिहून ठेवावं, लुगडं लाल होतं. घरातली पोरं म्हणतात, मोबाइलवर घेऊन लाल करून टाकू. गॉगल सध्या गटाच्या पेटीत, वहीशेजारी रुमालात गुंडाळून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी नावापुढे सही करून न्यावा, आणि चिखलाचा हात काचेला लावू नये.